मांजर मतलबी असते काय?

‘कुत्रं माणसाचं, मांजर घराचं.’ साताऱ्याच्या पेठांत आणि सांगलीच्या गावभागात हे वाक्य इतके मुरले आहे की ते एक मत आहे आणि मताला पुरावा लागतो, याचाच विसर पडला आहे. भिंतीवरून परसात उतरणाऱ्या भाटीला कुणी दुधात भाकरी कुस्करून घातली की शेजारून सल्ला येतो, ‘कशाला लळा लावून घेता? पोट भरलं की ती तुमच्याकडं बघणारसुद्धा नाही. आणि आज एक आहे, उद्या पाच होतील.’ सल्ला देणारी माणसे निष्ठुर नसतात. ती घर सांभाळणारी, दुधाच्या पातेल्यावर झाकण आणि झाकणावर वजन ठेवणारी, पुष्कळ पाहिलेली माणसे असतात. त्यांच्या मताला अनुभवाचा आधार आहे. म्हणूनच ते मत हसण्यावारी नेता येत नाही. त्याचे रीतसर खंडन करावे लागते.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. मांजर येते ते अन्नासाठी. जिथे बशी तिथे ते, आणि एकाच दिवशी तीन घरांत तीन नावांनी जेवायला त्याला संकोच नाही. बिऱ्हाड हलले तर कुत्रा माणसांमागे जातो, मांजर मात्र जुन्या घराकडे परतते. आयते खाणारे मांजर उंदीर धरत नाही. खाऊ घातल्याने मांजरे वाढतात, आणि त्यांच्यासोबत घाण, रात्रीचे रडणे, रोगराई आणि पाखरांचा संहारही वाढतो. यातली प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. पाहिलेल्या गोष्टी मला मान्य आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. माझे म्हणणे असे की परसात येणाऱ्या मांजराची माणसाशी जडणारी मैत्री खरी असते, आणि त्याला जबाबदारीने खाऊ घालणे हीच उपद्रव आवरण्याची पहिली पायरी आहे. वाचकांनी दोन्ही बाजू तोलाव्यात.

प्रथम परंपरेची साक्ष, कारण पूर्वपक्ष तिचा आधार न बोलता घेतो. महाभारताच्या शांतिपर्वात लोमश नावाचा बोका आणि पलित नावाचा उंदीर यांची कथा आहे. बोका पारध्याच्या जाळ्यात सापडतो, त्याच वेळी मुंगूस आणि घुबड उंदरावर टपलेले असतात. उंदीर बोक्याशी तह करतो, त्याच्या आश्रयाने जीव वाचवतो आणि पारधी अगदी जवळ आल्यावरच शेवटची दोरी तोडतो. पुढे बोका मैत्रीचा हात पुढे करतो, तेव्हा उंदीर तो नाकारतो. पंचतंत्रात आणि हितोपदेशात ढोंगी तपस्वी मांजरे आहेत. आपल्याकडच्या म्हणीही याच वळणाच्या आहेत: शिंके तुटले नि बोक्याचे फावले, मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो. पण शांतिपर्वातली ती कथा भीष्म युधिष्ठिराला कशासाठी सांगतात? शत्रूंनी वेढलेल्या दुबळ्या राजाने तह कधी करावा आणि कधी मोडावा, हे समजावण्यासाठी. ती राजनीती आहे, प्राणिशास्त्र नव्हे. त्यात बोका आणि उंदीर ही दोन राजांची सोंगे आहेत. सोंगावरून त्या प्राण्याचा स्वभाव ठरवायचा हा कुठला न्याय?

त्याच परंपरेने मांजराला दुसरी जागाही दिली आहे, आणि पूर्वपक्ष ती सोईस्करपणे विसरतो. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये शरणागतीवरून जो मोठा वाद झाला, त्यात तेन्कलै पंथाने भगवंताच्या कृपेला उपमा दिली ती मांजरीची. वानराचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. हाच मार्जारकिशोर न्याय. ईश्वराच्या वात्सल्याला उपमा शोधताना ज्यांना मांजरी सुचली, त्यांनी तिला मायाहीन मानले असेल काय? बाळाच्या जन्मानंतर जिची पूजा होते त्या षष्ठीदेवीचे, म्हणजे आपल्याकडच्या सटवाईचे, वाहनही मांजरच. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आमच्या आजीच्या पिढीपर्यंत पक्की होती. तेव्हा परंपरेच्या साक्षीवर पूर्वपक्षाला खटला जिंकता येत नाही. फार तर तो बरोबरीत सुटतो.

आता मुख्य आरोप, मतलबीपणाचा. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. ती पाहून मान आपोआप लवते, आणि लवावी. पण आमच्या मनात इमान या गुणाचे माप तिथेच ठरून गेले आहे. हाक मारताच धावत येणे, पायाशी लोळणे, धन्यामागे सावलीसारखे फिरणे, संकटात अंगावर झेप घेणे. या मापाने मांजर मोजले तर ते उणे भरणारच. प्रश्न असा की हे माप त्याला लागू पडते काय?

कुत्रा लांडग्याच्या वंशातला. लांडगे कळपात राहतात, कळपाने शिकार करतात, आणि कळपातल्या वडीलधाऱ्यांची मर्जी राखणे हा त्यांच्या जगण्याचाच भाग असतो. कुत्र्याने माणसाला कळपातला मानले, एवढेच. मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातला रानबोका. तो एकटा हिंडतो, एकटा शिकार करतो, आणि एका उंदरात दोघांचे भागत नसल्यामुळे त्याला भागीदार परवडत नाही. जगभरच्या पाळीव मांजरांच्या जनुकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात या सगळ्यांचे मूळ त्याच पश्चिम आशियाई रानबोक्यात सापडले. माणसाने शेती केली, धान्य साठवले, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे हा एकलकोंडा प्राणी आला. त्याला कुणी धरून आणले नाही, खुंट्याला बांधले नाही. तो आपण होऊन आला आणि राहिला. ज्याच्या रक्तात कुणाचाच सहवास नव्हता, त्याने माणसाचा सहवास पत्करला. यात मतलब दिसतो की नवल?

आणि हे नाते पोटापुरतेच होते म्हणावे तर सायप्रसच्या एका थडग्याचा खुलासा द्यावा लागेल. तिथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाशेजारी, हातभर अंतरावर, एक मांजर पुरलेले सापडले; २००४ साली ते जगासमोर आले. सायप्रस हे बेट. तिथे मांजर मुळात नव्हते, म्हणजे कुणीतरी ते नावेतून नेले असणार. केवळ उंदीर मारणारा गडी म्हणून ठेवलेल्या प्राण्याला माणूस आपल्या शेजारी पुरून घेतो काय?

हे झाले माणसाच्या बाजूचे प्रेम. मांजराच्या बाजूचे काय? ज्यांच्या परसात मांजर येते त्यांनी त्याच्या शेपटीकडे पाहावे. शेपटी सरळ उभी करून, टोक किंचित वाकवून जवळ येणे हे मांजरांच्या जगात स्नेहाचे अभिवादन आहे. रानबोक्यांत मोठी झालेली जनावरे एकमेकांना असे अभिवादन करताना दिसत नाहीत. पाळीव मांजरांत ते माणसांच्या आणि एकमेकांच्या सहवासात रुजले. गालाच्या आणि कपाळाच्या ग्रंथींतून स्रवणारा गंध ते आपल्या पोटऱ्यांना लावते, तो ओळखीच्यांना लावायचा गंध आहे. आणि म्यॅव? मोठी मांजरे आपसांत म्यॅव क्वचितच करतात. पिल्ले आईला हाक मारतात ती हाक मोठेपणी जवळजवळ फक्त माणसासाठी राखून ठेवलेली असते. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले आणि उघडले, तर मांजरही तसेच उत्तर देते, आणि अशा अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे अधिक वेळा येते. त्या हातात खाऊ नव्हता. आपल्याकडची म्हण सांगते की मांजर डोळे मिटून दूध पिते. ते डोळे मिटून माणसाला जवळ घेते, हे म्हण घडवणाऱ्यांच्या नजरेतून सुटले.

पूर्वपक्ष म्हणेल, ही सगळी खाऊसाठीची लाडीगोडी. तीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी घरातल्या आणि निवाऱ्यातल्या मांजरांना काही तास अन्न, माणूस, खेळणे आणि गंध या सगळ्यांपासून दूर ठेवले आणि मग चारही गोष्टी एकदम समोर ठेवल्या. परीक्षा पूर्ण करणाऱ्या मांजरांपैकी निम्म्यांनी सर्वांत जास्त वेळ माणसाजवळ काढला. अन्नाला पहिली पसंती देणारी त्याहून कमी भरली. हे २०१७ चे. त्याच विद्यापीठातल्या २०१९ च्या अभ्यासात मांजराला अनोळखी खोलीत एकटे सोडून नंतर त्याचा माणूस परत आणला. सुमारे ६५ टक्के मांजरे त्याच्या येण्याने निवांत झाली आणि खोली धुंडाळू लागली. मानवी तान्ह्या मुलांवर अशाच चाचण्या झाल्या आहेत, त्यांतही निश्चिंत ठरणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळपास एवढेच असते. जपानमध्ये २०१३ साली दिसले की मांजर आपल्या माणसाचा आवाज परक्या आवाजांतून ओळखते. कान वळवते, मान हलवते, पण बहुधा जागचे उठत नाही. आम्ही पाहिले ते न उठणे. वळलेला कान आम्ही पाहिला नाही.

प्रतिपक्षाच्या हातचा एक चांगला पुरावा मी लपवणार नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये अशाच चाचणीत उलट निष्कर्ष काढला होता: मोठी मांजरे सुरक्षिततेसाठी माणसावर अवलंबून राहतात असे दिसत नाही. पण त्यांचे म्हणणे नेमके काय ते वाचावे. मांजर स्वायत्त आहे, असे ते म्हणतात. मांजराला माया नाही, असे ते म्हणत नाहीत. अवलंबून नसताना जवळ येणे ही तर मैत्रीची अधिक शुद्ध जात झाली. ज्याला आपली गरज आहे तो राहतोच. ज्याला फारशी गरज नाही तो राहिला तर त्याला काय म्हणावे?

आणि समजा, आरंभ अन्नापासूनच झाला. मग? आमच्या मुलखात दारात आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देतात आणि मग नावगाव विचारतात. अन्नापासून सुरू झालेले नाते खोटे ठरवायचे तर आमचा अर्धा आपलेपणा खोटा ठरेल. नात्याची परीक्षा आरंभावर होत नाही. बशी रिकामी झाल्यावर काय होते, यावर होते. बशी चाटून झाल्यावरही मांजर पायरीवर बसून राहते, अंग चाटत राहते, आपण तुळशीला पाणी घालतो तेव्हा चार पावले मागे चालते. त्या वेळी त्याला कशाची आशा असते, याचे उत्तर पूर्वपक्षाने द्यावे.

इथे एक गोष्ट मात्र मैत्री करू पाहणाऱ्यांनी समजून घेतली पाहिजे. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसाचा हात लागला, तर ते माणसाळते. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात हे दाखवून दिले. तो काळ ज्याचा गवताच्या गंजीत किंवा बंद वाड्याच्या माळ्यावर गेला, ते मोठेपणी मांडीवर बसेलच असे नाही. ते पाच हातांवर बसेल आणि आपण वाचत असताना डोळे मिटून घेईल. जगण्यासाठी सतत सावध राहावे लागणाऱ्या जनावराने आपल्या देखत डोळे मिटणे, हा विश्वास कमी आहे काय? त्याला उचलण्याची घाई करू नये. हात खाली, बाजूने पुढे करावा, बोट हुंगू द्यावे, टक लावून पाहू नये. ते स्वतःहून गाल घासेल तेव्हाच हनुवटीखाली खाजवावे. पोटाला हात लावू नये.

बिऱ्हाड हलले की मांजर जुन्या घराकडे जाते, हे खरेच आहे. एकट्याने जगणाऱ्याला मुलूख हेच भांडवल असते. कुठल्या कौलाखाली ऊब, कुठल्या गल्लीत कुत्रा, कुठल्या भिंतीवरून निसटता येते, हे ज्ञान म्हणजे त्याचा जीव. नव्या घरी पहिले दोन-तीन आठवडे आत ठेवले, खाणे ठरल्या वेळी दिले, जुन्या वासाचे फडके अंथरले, तर बहुतेक मांजरे तिथे रुळतात. आम्ही त्याला पोत्यातून आणतो, दार उघडे ठेवतो आणि ते गेले की बेइमान म्हणतो. तीन घरी जेवण्याचा आरोप तर त्याहून हलका. तीन घरांनी मिळून एक जीव सांभाळला, तर तक्रार कसली? त्या तीन घरांनी एकमेकांशी बोलावे, म्हणजे मांजर लठ्ठ होणार नाही आणि लशीची तारीखही चुकणार नाही.

उंदरांचा मुद्दा आमच्या जिल्ह्यांत हलका नाही. सांगली ही हळदीची बाजारपेठ, गोदामे आणि अडती यांचे शहर. महापूर ओसरला की लेप्टोस्पायरोसिसची धास्ती उरते, आणि तो रोग बहुधा उंदरांच्या मुतातून येतो. प्लेगची आठवण तर या मातीत खोल आहे. साताऱ्याच्या नायगावच्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत ओळखले. त्यानंतर १९०८ मध्ये अमरावतीचे सरकारी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी खेडोपाडीच्या पाहणीवरून सांगितले की ज्या गावांत मांजरे पुष्कळ, तिथे प्लेग फिरकत नाही, तेव्हा मांजरे पाळा. मांजराच्या बाजूची ही साक्ष मी जशीच्या तशी स्वीकारणार नाही, कारण मांजरालाही प्लेग होतो हे आता ठाऊक आहे. पण ब्युकॅनन यांनी मांजरे पाळा म्हटले, उपाशी ठेवा म्हटले नाही.

उपाशी मांजरच शिकार करते, ही समजूत प्रयोगात टिकत नाही. जर्मन अभ्यासक पाउल लायहाउझेन यांनी आयुष्यभराच्या निरीक्षणातून दाखवले की दबा धरणे, पकडणे, मारणे आणि खाणे यांमागच्या प्रेरणा मांजरात वेगवेगळ्या असतात. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरे आवडते अन्न खात असताना उंदीर पुढे सोडला. मांजरांनी खाणे अर्धवट टाकले, उंदीर मारला, तो उचलून बशीजवळ आणला आणि पुन्हा आधीचेच अन्न खायला घेतले. पोट भरल्याने शिकार थांबत नाही. उलट, उपाशी मांजरही मोठ्या उंदराच्या वाटेला जाताना विचार करते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या कचरा प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी कॅमेरे लावून ७९ दिवस पाहिले. २०१८ च्या त्या अहवालात मांजरांनी मारलेले मोठे उंदीर होते फक्त दोन. आमच्याकडची घूस पाहिलेल्या कुणालाही याचे आश्चर्य वाटू नये. तेव्हा मांजराला उपाशी ठेवून गोदामाचे रक्षण होत नाही. लहान उंदीर ते भरल्या पोटीही धरते, आणि घुशीसाठी बिळे बुजवावी लागतात, कचरा उचलावा लागतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. खाऊ घातले की मांजरे वाढतात. हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्याचा खरा अर्धा भाग मी पूर्ण मान्य करतो. भाटी चार ते सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. गाभ सुमारे नऊ आठवड्यांचा, एका वेळी चारेक पिल्ले, वर्षातून दोन-तीन वेळा. फक्त खाऊ घालून थांबणारा माणूस मांजराचे भले करत नाही. त्याने जन्माला घालायला मदत केलेली पिल्ले पहिल्या पावसाळ्यात गाड्यांखाली, कुत्र्यांच्या तोंडी आणि सर्दी-जुलाबाने मरतात. पण यातून ‘खाऊ घालू नका’ हे निघते काय? निघते ते ‘नसबंदी करा’ हे. आणि इथेच पूर्वपक्षाचा तर्क उलटतो. ज्या भाटीला तुम्ही कधी खाऊ घातले नाही, ती तुमच्या हाती लागणार कशी? रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खाणारे मांजर पिंजऱ्यात घेता येते. खडा मारून हाकललेले मांजर घेता येत नाही. ते मागच्या गल्लीत व्यायते. बशी हे दवाखान्याच्या वाटेवरचे पहिले पाऊल आहे.

दुसरा उपाय म्हणून लोक काय करतात तेही सांगितले पाहिजे. भाटीला किंवा पिल्लांना पोत्यात घालून कृष्णेपलीकडे, एखाद्या उसाच्या फडाकडेला सोडून येतात. सोडणारा समजतो की प्रश्न मिटला. टास्मानियाच्या जंगलांत थोडीथोडी रानटी मांजरे मारून पाहिली, तेव्हा त्या भागातली मांजरे कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोकळ्या झालेल्या मुलखात शेजारची शिरली, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. आमच्या पेठेत वेगळे का घडावे? हॉटेलामागचे उष्टे तेच, मटणाच्या दुकानाबाहेरचे तुकडे तेच, जागा रिकामी. त्याऐवजी नसबंदी झालेली भाटी तिथेच राहिली तर ती आपला मुलूख राखते आणि नवी पिल्ले देत नाही. बोक्याची नसबंदी झाली की रात्रीचे रडणे, मारामाऱ्या आणि भिंतीवर मुतणे पुष्कळ कमी होते. शेजाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी मुळात याच असतात.

रोगांविषयी थोडक्यात, पण स्पष्ट. मांजरापासून रेबीज होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा झाला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. आणि मांजराला दरवर्षी लस द्यावी. गरोदर बाई असलेल्या घरातून मांजर हाकलतात ते टॉक्सोप्लाझ्माच्या भीतीने. तो जंतू बाहेर टाकण्याचा मांजराचा काळ बहुधा आयुष्यात एकदा, एक-दोन आठवड्यांचा असतो, आणि विष्ठेतून बाहेर पडल्यावर तो बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराची घाण रोज दुसऱ्याने काढावी, बागेच्या मातीत हातमोजे घालून काम करावे, भाजी धुवावी, मटण पूर्ण शिजवावे. एवढे पुरते. दम्याच्या रुग्णांना त्रास होतो हे खरे, पण तो मुख्यतः लाळेतल्या प्रथिनाने होतो. ते मांजर चाटते तेव्हा केसांना लागते आणि वाळून हवेत मिसळते. अशांनी मांजर परसातच ठेवावे.

पाखरांच्या बाबतीत मी प्रतिपक्षापुढे अर्धी मान तुकवतो. अमेरिकेत मांजरे वर्षाकाठी अब्जावधी पक्षी मारतात, असा २०१३ चा अंदाज आहे, आणि त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे. सागरेश्वर, मायणी, कास यांच्या आसपास मांजरांना खाऊ घालून त्यांची वस्ती उभी करणे चूक आहे, मग हेतू कितीही कोमल असो. शहरातल्या परसाची गोष्ट वेगळी. तिथेही उपाय आहेत. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये दाखवले की मांसाचे प्रमाण जास्त असलेले अन्न दिल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटे दोरी-पिसाशी खेळल्याने २५ टक्के. गळ्यात घंटा बांधून काही फरक पडला नाही. म्हणजे चांगले खाऊ घालणे आणि मैत्री करणे, ज्यांना पूर्वपक्ष दोष मानतो, त्याच दोन गोष्टींनी शिकार घटते.

ऊसतोडीच्या दिवसांत फडात सापडलेल्या ‘मांजराच्या पिल्लां’विषयी इथेच सांगितले पाहिजे. ती वाघाटीची किंवा रानमांजराची असू शकतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, कायद्याने पूर्ण संरक्षित. ती पिल्ले घरी आणू नयेत, दूध पाजू नये. तिथेच राहू द्यावीत, वनखात्याला कळवावे. आई बहुधा रात्री येऊन नेते.

मांजराच्या मित्रांचीही एक चूक सांगितल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. दूध-भाकरी हे मांजराचे अन्न नव्हे. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. मांजराला गोड चव कळतच नाही, ते ओळखणारे जनुक त्याच्यात निकामी आहे. तेव्हा कंदी पेढ्याचे कौतुक आपले आपल्यापाशी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, आणि तो न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय निकामी होऊ शकते. उकडलेली कोंबडी किंवा मासळी, मीठ-मसाल्याशिवाय, हाडेकाटे काढून. जमल्यास त्याला मांजराच्या तयार खाद्याची जोड. आणि स्वच्छ पाणी. तांबड्या रश्श्यातला तुकडा घालू नये, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

कायदाही आता या वादात गप्प नाही. प्राण्याला उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि मांजराला विष घालून मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क प्रमाणे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

मतलबीपणाचा आरोप परक्या मापावर उभा होता. ते माप काढून घेतल्यावर तो उभा राहत नाही. उपद्रवाचा आरोप नसबंदीशिवाय खाऊ घालण्यावर लागू होतो, खाऊ घालण्यावर नाही. ज्यांच्या अंगणात आज मांजर येते त्यांना एवढीच विनंती आहे: बशी ठेवायला सुरुवात केली असेल तर ती थांबवू नका, पण या महिन्यात त्या मांजराला नसबंदीसाठी पशुवैद्याकडे न्या. शेजारच्या दोन घरांना सोबत घ्या, खर्च वाटून घ्या. जवळचा दवाखाना ही शस्त्रक्रिया करत नसेल तर कुठे होते ते तिथेच विचारा. पशुवैद्यकाचे महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच, शिरवळला आहे, आणि ते सांगलीच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे आहे.